हिरा नाही, धार मिळाली

सुताराच्या पेटीत रंधा, पटाशी यांच्याजवळ एक काळपट दगड तुम्ही पाहिला असेल. एका बाजूने खरबरीत, दुसऱ्या बाजूने मऊ. हा दगड खाणीत सापडत नाही.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करू पाहत होते. माती आणि कोकच्या मिश्रणातून त्यांनी वीज सोडली. हिरा झाला नाही. पण कमालीचे कठीण स्फटिक हाती आले. हेच कार्बोरंडम. आधी ते रत्नांना पैलू पाडणाऱ्यांना कॅरटच्या भावाने विकलं गेलं. १८९५ साली नायगाऱ्याच्या विजेवर कारखाना चालू लागला आणि ते स्वस्त झालं.

खाणीतल्या दगडात मध्येच एखादा खडा निघे आणि पात्यावर ओरखडा उठे. या दगडाचा कण एकसारखा. धार लावणं दोन मिनिटांवर आलं.

रीत मात्र जुनीच राहिली. पात्याची उतरती बाजू घासायची, मागे बोटाला खरखर लागली की पाठ सपाट टेकवून ती काढायची. पातं बोथट होईपर्यंत थांबायचं नाही. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोरात निसटलेली पटाशी आधी हातच गाठते.