दारू नवी, बंदूक जुनी

आजचा विषय एका प्रश्नापासून सुरू करू. घरात आजोबा-पणजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक आहे, तिला लागणारी काळी दारू सहज मिळत नाही; मग काडतुसातली आजची दारू त्यात भरली तर चालेल का? उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'नाही'. पण हे 'नाही' जगाला फार महागात पडून कळलेलं आहे. ते कसं, हे समजून घ्यायला आपण रायपूरपासून निघू.

रायपूर म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला छत्तीसगड. १८५४ मध्ये डलहौसीने हे राज्य खालसा केलं. त्यानंतर तीनच वर्षांत सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध बंदूकधारी माणसं गोळा केली. दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य त्यांनी भुकेल्यांना वाटलं होतं, त्यासाठी त्यांना रायपूरच्या तुरुंगात टाकलं होतं, आणि तिथून ते निसटले होते. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, रायपूरच्या छावणीत हनुमानसिंह यांनी बंड केलं आणि सार्जंट मेजर सिडवेलला ठार मारलं. हनुमानसिंह होते मॅगझिन लश्कर, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरचे माणूस. ते निसटले, पण त्यांच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीला फासावर चढवलं गेलं.

या सगळ्या लढाया काळ्या दारूच्या. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं हे मिश्रण. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची. 'ठासून सांगणे' आणि 'फुसका बार' हे शब्द आपण आजही वापरतो. छत्तीसगडात आणि आपल्या गडचिरोलीत याच बंदुकीला 'भरमार' म्हणतात.

आता काळ्या दारूचा एक दोष पाहू, कारण त्यातूनच पुढचा सगळा इतिहास घडला. ही दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. तो घनरूपात उरतो. काही धूर होऊन बाहेर पडतो, काही काजळी होऊन नळीत चिकटतो. दहा-वीस बार झाले की नळी इतकी माखते की गोळी खाली उतरेना. एनफिल्ड बंदुकीची नळी आतून पेचदार, त्यामुळे तिथे ही अडचण जास्तच. म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावायची पद्धत आली. काजळी मऊ राहावी आणि गोळी सहज सरकावी, हा हेतू. ही चरबी गाईची की डुकराची, या संशयाने १८५७ मध्ये काय झालं ते आपण जाणतोच. बंडाची कारणं अनेक होती, पण ठिणगी पडली ती या चरबीवरून, आणि चरबी आली ती काळ्या दारूच्या काजळीमुळे!

मग काजळी न करणारी दारू का नको? शोध तर आधीच लागला होता. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची प्रक्रिया करून 'गनकॉटन' बनवलं. धूर जवळजवळ नाही आणि जोर प्रचंड. लोकांनी लगेच ते हातातल्या ठासणीच्या बंदुकांत भरून पाहिलं. म्हणजे आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचा प्रयोग पावणेदोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे! नळ्या फुटल्या. १४ जुलै १८४७ रोजी इंग्लंडमधल्या फेव्हरशॅमचा गनकॉटनचा कारखाना उडाला, कामगार मेले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने चिकाटीने प्रयत्न चालू ठेवले, पण १८६० च्या दशकात त्यांची कोठारं उडाली आणि त्यांनीही नाद सोडला.

असं का होतं? काळी दारू पेटली की नळीतला दाब वाढतो, पण त्या दाबामुळे तिचं जळणं फारसं भडकत नाही. आधुनिक दारूचं तसं नाही. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो, आणि जळणं आणखी वेगवान होतं. शिवाय तेवढ्याच वजनात तिची शक्ती साधारण तिप्पट. कारखान्यातल्या काडतुसात हे सगळं मोजूनमापून बांधलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीत माप हाताचं आणि ठासणं हाताचं. गोळी पूर्ण खाली बसली की मध्येच अडकली, हे नळीत दिसत नाही. त्यात जुन्या लोखंडाची, आतून गंजलेली नळी. ती फुटते तेव्हा डावा हात नळीखाली असतो आणि चेहरा तिच्या मागे.

ही दारू माणसाळवली फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी, १८८४ मध्ये. गनकॉटन विरघळवून त्यांनी त्याचा लगदा केला, लाटला आणि त्याचे तुकडे केले. त्यामुळे ते ठरावीक गतीने जळू लागलं. आता फ्रेंचांनी पुढे काय केलं, इकडे लक्ष द्या. त्यांनी ही दारू जुन्या बंदुकीत भरली नाही. १८८६ मध्ये तिच्यासाठी लेबेल ही नवी रायफल काढली.

इंग्रजांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट बनवलं. त्यांची ली-मेटफर्ड रायफल मात्र काळ्या दारूवर सुरू झालेली. त्याच काडतुसात निम्म्याहून कमी वजनाचं कॉर्डाइट घातलं, तरी गोळी आधीपेक्षा वेगाने सुटली. पण त्याच्या उष्णतेने नळीतले उथळ पेच झिजू लागले. शेवटी १८९५ मध्ये पेच बदलून ली-एनफिल्ड आणावी लागली. भारतात इशापूरच्या गंगाकाठी १७९१ पासून काळी दारू बनवणारा कारखाना होता. त्या जागी १९०४ मध्ये रायफलींचा कारखाना आला आणि कॉर्डाइटसाठी निलगिरीतल्या अरुवनकाडूला वेगळा कारखाना उभा राहिला. साम्राज्याची तिजोरी हाताशी असलेल्यांनाही दारू बदलताना बंदूक आणि कारखाना दोन्ही बदलावे लागले.

आजही तेच. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची हौस मोठी आहे. तिथे १९७० च्या दशकात डॅन पॉलक यांनी 'पायरोडेक्स' आणलं. ते काळ्या दारूसारखंच वागावं अशा बेताने बनवलेलं, जुन्या बंदुकीला सोसणारं. १९७७ मध्ये स्वतः पॉलकच कारखान्यातल्या स्फोटात गेले. सॅव्हेज कंपनीने काडतुसातल्या दारूवर चालणारी '१० एमएल' काढली, ती ठासणीचीच, पण नळी आजच्या पोलादाची. रायपूरहून नागपूरला येताना वाटेत भंडारा लागतं. तिथल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. नियम, यंत्रं, प्रशिक्षण सगळं असलेल्या जागी ही गत, तर घरच्या पडवीत काय?

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. रानडुकरांनी उभं शेत लोळवलं की काय वाटतं, हे जंगलाकाठच्या शेतकऱ्यालाच विचारा. त्याची गरज खरी आहे, म्हणूनच हा धोकाही खरा आहे. परवाना असला तरी तो त्या बंदुकीचा असतो. तिच्या नळीची ताकद काही परवान्याने वाढत नाही.

आणखी एक. कोनाड्यात पडलेली जुनी बंदूक रिकामीच असेल असं धरू नका. कोरडी राहिलेली काळी दारू अनेक दशकं जिवंत राहते, आणि बार भरून ठेवलेल्या बंदुका आजही सापडतात. नळीत काही खुपसू नका, घोडा ओढून पाहू नका. पोलीस ठाण्याला कळवा आणि जाणकार परवानाधारक कारागिराकडूनच ती तपासून घ्या.

मंडळी, आजोबांची बंदूक वारसा म्हणून जरूर जपा, रीतसर कागदपत्रांसह. बार काढायची हौस मात्र तिच्यावर भागवू नका. भेटू पुढच्या भागात.