महाराष्ट्राचा क्रिकेट संघ : एका माहेरघराची कथा

आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांची मूळ घरे पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक ह्या भागांत असून नोकरीधंद्यानिमित्त त्यांच्या शाखा मुंबई, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत पसरलेल्या आहेत. बुद्धी व कष्ट देशावर रुजावेत आणि फळ परमुलखी पिकावे, हा अनुभव आपणांस नवा नाही. ह्याच वाटेने एक क्रीडासंघही गेला, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेत नाही. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच महाराष्ट्राच्या संघाने तो करंडक लागोपाठ दोनदा जिंकला, आणि पुढे आजतागायत एकदाही जिंकला नाही. असे का घडले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम एक खुलासा अवश्य आहे. क्रिकेटमधील ‘महाराष्ट्र’ म्हणजे आजचे संपूर्ण राज्य नव्हे. १ मे १९६० रोजी राज्य एक झाले, तरी क्रिकेटच्या नकाशात मुंबई व विदर्भ हे स्वतंत्र संघ म्हणून राहिले. उरला तो पुणे केंद्र असलेला, देशावरच्या व आसपासच्या जिल्ह्यांचा संघ. मुंबईने २०२३-२४ पर्यंत बेचाळीस वेळा करंडक जिंकला. विदर्भानेही २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन वेळा तो पटकाविला. मधल्या भावाच्या वाट्याला मात्र जुने दोन विजय तेवढे राहिले.

रणजी स्पर्धेच्या पुष्कळ आधी पुण्याच्या मैदानावर एक असामान्य गोलंदाज घडत होता. पळवणकर बाळू ह्यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. पुण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी गोलंदाजी तयार झाली. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. परंतु चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. पुढे ते मुंबईस गेले, रेल्वेच्या नोकरीत राहिले आणि १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. त्यांचे बंधू विठ्ठल हे १९२३ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार झाले व विजयी ठरले. पुण्याने घडविले आणि मुंबईने मिरविले, ह्या परंपरेतील हे पहिले मोठे नाव होय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे की, गुणी माणसाला पंक्तीबाहेर बसविणारा समाज आपलेच नुकसान करून घेत असतो.

आता त्या दोन विजयांकडे वळू. त्यांचे शिल्पकार प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर हे होत. १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात जन्मलेले देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राचे नेतृत्व करीत. १९२६ साली गिलिगन ह्यांच्या बलाढ्य एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. हिंदुस्थानाला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच्या त्या काळात ही खेळी मोठी आशा देणारी ठरली. १९३२ साली पहिला कसोटी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा चाळिशीतल्या देवधरांची निवड झाली नाही, आणि अधिकृत कसोटी सामना त्यांना कधीच लाभला नाही. दुसरा एखादा असता तर खेळाला रामराम ठोकून पोथीत रमला असता. देवधरांनी उलट पुण्याच्या तरुण पोरांना हाताशी धरले. १९३९-४० साली पुण्यात संयुक्त प्रांताचा पराभव करून, व पुढल्या वर्षी मद्रासेत मद्रासचा पराभव करून, महाराष्ट्राने करंडक आणला. त्या दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्धच्या पुण्यातील सामन्यात महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, मुंबईने ६५० पर्यंत मजल मारली. त्या ६७५ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराच्या २४६ होत्या! पुढे १९४४ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात १०५ व १४१ अशी दोन शतके झळकाविली.

ह्या विजयी संघातील सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० साली पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक. ते ज्या संघाविरुद्ध झाले तो संघ होता बडोद्याचा. योगायोग असा की, दोनच वर्षांत हजारे त्याच बडोद्याचे झाले. संस्थानाने त्यांना आश्रय दिला, आणि त्यांचे उरलेले सारे रणजी-जीवन बडोद्याच्या कीर्तीत जमा झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमद ह्यांच्यासह त्यांनी होळकर संघाविरुद्ध केलेली ५७७ धावांची भागी जगभर गाजली. पुढे भारताने आपला पहिला कसोटी विजय १९५२ साली मद्रासेत मिळविला, तोही हजारे ह्यांच्याच नेतृत्वाखाली.

हजारे गेले ह्यात त्यांचा काडीमात्र दोष नाही. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. पुण्याच्या क्लबांपाशी उत्साह होता, पण नोकरी देण्याची ताकद नव्हती. बडोदे व इंदूर येथील राजे खेळाडूला सैन्यात वा दरबारात जागा देत. म्हणूनच बडोद्याने १९४२-४३ ते १९५७-५८ ह्या काळात चार वेळा, आणि होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ ह्या काळात चार वेळा करंडक जिंकला. संस्थाने गेली, तेव्हा मुंबईच्या कंपन्या, बँका व रेल्वे पुढे सरसावल्या. कचेरीत पगार, मैदानावर सराव आणि टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा, असे तिहेरी आकर्षण मुंबईत होते. कोल्हापुरात जन्मलेले दत्तू फडकर प्रारंभी महाराष्ट्राकडून खेळले व नंतर मुंबईचे झाले. मार्च १९४९ मध्ये पुण्यातील उपांत्य सामन्यात त्यांनी महाराष्ट्राविरुद्धच १३१ व १६० धावा काढल्या. मुंबईच्या ६५१ व ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ व ६०४, मिळून २,३७६ धावांचा हा सामना प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अद्वितीय आहे. दुसऱ्या डावात सहाशे धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! नाशिकचे बापू नाडकर्णी ह्यांनीही महाराष्ट्राकडून आरंभ करून मुंबईची वाट धरली. १९६४ साली मद्रासेत इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस निर्धाव षटके टाकणारा हाच तो गोलंदाज.

ह्या वियोगाच्या कथेत भाऊसाहेब निंबाळकरांची कथा निराळी आणि अधिक चटका लावणारी आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध खेळताना कोल्हापूरच्या ह्या फलंदाजाने कमल भांडारकर ह्यांच्या साथीने दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. मधली विश्रांती झाली तेव्हा संघाच्या धावा होत्या चार बाद ८२६ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३. ब्रॅडमन ह्यांचा तत्कालीन जागतिक विक्रम ४५२ धावांचा होता. अवघ्या दहा धावा हव्या होत्या. परंतु काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब ह्यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. भारताच्या प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आजही ती सर्वोच्च धावसंख्या आहे, आणि ती करणाऱ्या पुरुषाला अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. तेही पुढे होळकर संघाकडून व नंतर रेल्वेकडून खेळले. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णव वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता, कोल्हापुरात त्यांनी देह ठेवला.

गेलेल्यांची नावे घेताना राहिलेल्यांना विसरणे अन्यायाचे होईल. कोल्हापूरचे सदाशिव पाटील १९५५ साली एक कसोटी खेळले आणि महाराष्ट्राच्या संघात कायम राहिले. वसंत रांजणे ह्यांनी १९५६-५७ साली पदार्पणाच्या सामन्यातच सौराष्ट्राचे नऊ गडी अवघ्या ३५ धावांत बाद केले. चंदू बोर्डे ह्यांनी बडोद्याकडून आरंभ केला. पण पुण्याचा हा सुपुत्र पुढे स्वगृही परतला. भारतासाठी ५५ कसोटी सामने खेळलेल्या बोर्ड्यांचे ते परतणे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. हेमंत कानिटकर १९७४ साली बंगळूर येथे पहिल्याच कसोटीत ६५ धावा करून गेले, तरी त्यांना दोनच सामने लाभले. शंतनू सुगवेकर १९८८-८९ साली मध्य प्रदेशाविरुद्ध २९९ वर नाबाद राहिले. त्रिशतकास एकच धाव उणी! सुरेंद्र भावे ह्यांनी वर्षानुवर्षे धावांच्या राशी घातल्या, पण कसोटीचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही.

करंडकाच्या उंबरठ्यावर हा संघ पुन्हा तीनदा पोहोचला. १९७०-७१ साली मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. तरीही सुधीर नाईक ह्यांच्या मुंबईने ४८ धावांनी बाजी मारली. १९९२-९३ साली लुधियान्यात पंजाबने आणि २०१३-१४ साली हैदराबादेत कर्नाटकाने महाराष्ट्रास हरविले. दरम्यान पोटापाण्याचा जुना प्रश्न पुष्कळ अंशी सुटला आहे. आता खेळाडूला क्रिकेटमधूनच धन मिळते. त्याचे फळही दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) व अंकित बावणे (नाबाद २५८) ह्यांनी ५९४ धावांची अभंग भागी केली. हजाऱ्यांनी बडोद्यासाठी रचलेला ५७७ चा विक्रम अखेर त्यांच्या माहेरच्याच मुलांनी ओलांडला. (२०२४ साली गोव्याच्या जोडीने ६०६ धावा करून त्यापुढेही मजल मारली.) २८ नोव्हेंबर २०२२ रोजी ऋतुराज गायकवाड ह्यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. ज्या स्पर्धेत मारले, तिचे नाव विजय हजारे करंडक!

माहेरघराची परीक्षा केवळ त्याच्या देव्हाऱ्यातील ढालींवरून करू नये; तेथून निघालेली माणसे परक्या घरी कशी नांदली, हेही पाहावे. ह्या कसोटीवर महाराष्ट्राचा संघ उणा ठरत नाही, असा आमचा निर्णय आहे. तथापि सदैव देतच राहणे हे काही भूषण नव्हे. देवधर पुण्यात राहू शकले, कारण एका महाविद्यालयाने त्यांच्या विद्येला वेतन आणि खेळाला मोकळीक दिली. शंभरी ओलांडून १९९३ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावाचा करंडक देशभर खेळला जात होता. एका संस्थेने एका माणसाला आधार दिला, त्याने दोन करंडक आणले. ह्याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

म्हणून सभासद कुटुंबांस आमची दोन विनवण्या आहेत. ज्यांच्या घरी कोल्हापूर, सांगली, नाशिक, पुणे येथील जुन्या क्लबांची धावपुस्तके, छायाचित्रे वा पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत न देता जपून ठेवावीत. दुसरी अशी की, शिष्यवृत्त्या देताना आपण गुणपत्रिका पाहतो, तशी मैदानावर घाम गाळणाऱ्या एखाद्या मुलामुलीची बॅटही पाहावी, आणि ते मूल कोणाचे हे विचारण्याआधी ते खेळते कसे हे विचारावे. मुले बाहेर जाणार असतील तर सुखाने जावोत. पण आधार मिळाला नाही म्हणून जाण्याची पाळी त्यांच्यावर न येवो, एवढीच सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करितो.