मोत्यांची पारख आणि माणसांची



‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली आणि पुढे जन्मभर दिसते तसेच असते असे मानून व्यवहार केला. माणसाचा पोशाख, त्याचे आडनाव आणि त्याच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य, एवढ्या भांडवलावर आपण त्याची किंमत ठरवून मोकळे होतो. परकी भाषा शिकणाऱ्याला तर हा न्याय रोजच सोसावा लागतो. म्हणूनच इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपुढे देशोदेशी जी एक छोटी कथा ठेवली जाते, तिचा आणि तिच्या लेखकाचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. लेखक सॉमरसेट मॉम आणि कथा ‘मिस्टर नो-ऑल’. आपल्याकडे अशा गृहस्थाला ‘दीडशहाणा’ म्हणतात.

प्रथम लेखकाविषयी. इंग्रजी गद्याचा हा कसबी कारागीर स्वतः इंग्रजी उशिरा शिकला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मॉमचा जन्म १८७४ साली पॅरिसमध्ये झाला. फ्रान्सच्या भूमीवर जन्मलेल्या मुलावर पुढे फ्रेंच सैन्यात भरती होण्याची सक्ती होईल, या धास्तीने त्याच्या जन्माची व्यवस्था ब्रिटिश वकिलातीत करण्यात आली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. आकाश पॅरिसचे, पण कायद्याने भूमी इंग्लंडची! मुलाच्या तोंडी पहिली भाषा आली ती फ्रेंच. १८८२ साली आई गेली, १८८४ साली वडील गेले, आणि दहा वर्षांचा हा पोरका मुलगा इंग्लंडात पाद्री असलेल्या चुलत्याच्या घरी येऊन पडला. कँटरबरीच्या शाळेत त्याच्या मोडक्या इंग्रजीची टवाळी झाली. त्यातच तो बोलताना अडखळे, आणि हे तोतरेपण त्याला जन्मभर पुरले. पहिल्या वाक्यावरून माणसाला जोखणारे लोक कसे असतात, हे त्याला कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नाही.

आता कथा. पहिले महायुद्ध नुकतेच संपले आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून योकोहामाला निघालेल्या बोटीत जागेची टंचाई आहे. कथा सांगणाऱ्या इंग्रज गृहस्थाला आपल्या खोलीतल्या सोबत्याचे नाव कळते, मॅक्स केलाडा, आणि माणूस पाहण्याआधीच त्याचे मन विटते. नाव स्मिथ किंवा ब्राउन असते तर त्याची तक्रार नव्हती. मग केलाडा भेटतो. सावळा, केसाळ, बडबड्या, प्रत्येक विषयात आपलेच खरे करणारा. आपण पक्के ब्रिटिश आहोत असे सांगून तो पासपोर्ट पुढे करतो; निवेदक मनात हसतो.

एके रात्री जेवणाच्या टेबलावर मोत्यांचा विषय निघतो. केलाडा मोत्यांचा जाणकार. कोबे येथे अमेरिकन वकिलातीत नोकरी करणाऱ्या रॅम्सेच्या बायकोच्या गळ्यातील सर अस्सल आणि फार किमती आहे, असे तो ठासून सांगतो. ही बाई वर्षभर न्यूयॉर्कला एकटी राहून आता नवऱ्याबरोबर परत निघाली आहे. नवरा हसून म्हणतो, हा नकली सर तिने अठरा डॉलरला घेतला. शंभर डॉलरची पैज लागते. केलाडा भिंग काढून मोती निरखतो, त्याच्या चेहऱ्यावर विजयाचे हसू पसरते, तो बोलणार इतक्यात त्याची नजर त्या बाईच्या चेहऱ्याकडे जाते. तिचे डोळे भीतीने विस्फारलेले आहेत. केलाडा थांबतो आणि सर्वांसमक्ष सांगतो की आपली चूक झाली, मोती नकली आहेत. तो शंभर डॉलर मोजून देतो आणि बोटीभर चेष्टेचा विषय होतो. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकते. त्यात शंभराची नोट असते. निवेदकाला सारे उमगते, आणि हा माणूस आता त्याला तितकासा नावडता राहत नाही.

कथा एवढीच. मॉमने ती मासिकाची दोनच पाने व्यापतील अशा बेताच्या कथांपैकी एक म्हणून लिहिली, आणि १९३६ साली ‘कॉस्मोपॉलिटन्स’ या संग्रहात ती ग्रंथरूपाने आली. पण तिच्या पोटात बराच इतिहास दडला आहे, आणि तो सांगितल्यावाचून ती शिकविता येत नाही. केलाडाचा पासपोर्ट खोटा मानण्याचे कारण नव्हते. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे साम्राज्याच्या भूमीवर जन्मलेला कोणीही ब्रिटिश प्रजाजन ठरे. त्या हिशेबाने त्या काळचा पुण्या-मुंबईचा माणूसही केलाडाच्याच पंक्तीला बसतो. मोत्यांचेही तसेच. जपानात मिकिमोतोने १८९३ साली शिंपल्यात मोती पिकविण्यात यश मिळविले आणि १९२१ च्या सुमारास हे पिकविलेले मोती लंडन-पॅरिसच्या बाजारात येताच अस्सल कोणते आणि उपजविलेले कोणते यावर मोठे रण माजले. इराणी आखातातील मोत्यांची उलाढाल करणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही या वादाची झळ लागल्यावाचून राहणे शक्य नव्हते. वरून पाहून भेद कळेना. मोत्याच्या आत पाहावे लागे.

आता शिकविण्याची गोष्ट. आपल्या देशात इंग्रजी वाचनाचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला, त्यांत मायकेल वेस्ट हे नाव अग्रभागी आहे. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत असता त्यांनी पाहिले की पाठ्यपुस्तकातील प्रत्येक पानावर नव्या शब्दांची गर्दी होते आणि मूल त्यात गुदमरते. शब्द थोडे घ्या, ते पुन्हा पुन्हा येऊ द्या, आणि मुलाला गोष्ट वाचल्याचा आनंद लाभू द्या, हा त्यांचा आग्रह. द्वैभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ साली निघाला आणि सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी १९५३ साली. वेस्ट यांचे ऋण मोठे आहे. परंतु शब्द सोपे करताना निवेदकाचा तिरकस सूर गाळला, तर या कथेतून फक्त पैज उरते. विद्यार्थ्याला त्या सुराने फसू द्यावे लागते, कारण ते फसणे हाच धडा आहे.

आमची रीत अशी. निम्मी कथा वाचून पुस्तक मिटावयाचे आणि केलाडाविषयी पाच वाक्ये लिहावयास सांगावयाचे. मुले बेधडक ‘इज’ लिहितात : तो गर्विष्ठ आहे, तो लबाड आहे. कथा संपल्यावर तीच वाक्ये पुन्हा हाती द्यावयाची. मग ‘इज’ खोडून ‘सीम्ड’ येते. ‘आहे’च्या जागी ‘वाटला’ येते. व्याकरणाचा एक पाठ आणि विवेकाचा एक पाठ एकाच खोडरबराने होतो. या शतकात इस्राएलमधील माध्यमिक शाळांच्या इंग्रजी अभ्यासक्रमात ही कथा नेमली गेली, तीही शब्दांपलीकडचा अर्थ काढण्याची आणि दुसऱ्याच्या बाजूने पाहण्याची सवय लागावी म्हणून. तेथील मुलांची घरची भाषा हिब्रू किंवा अरबी. केलाडासारखी नावे त्यांना परकी नाहीत.

एक कबुली देऊन थांबतो. एका वर्गात खेड्यातून आलेला एक मुलगा वाचावयास उठला आणि ‘शिप’च्या जागी ‘शीप’ म्हणाला. जहाजाची मेंढी झाली, वर्ग हसला आणि, सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. तास संपता संपता आम्ही विचारले, केलाडा पैज का हरला? चटपटीत इंग्रजी बोलणारी मुले म्हणाली, त्याची चूक झाली. तो मुलगा मराठीतच म्हणाला, “सर, तो हरला नाही. त्यानं हरून दाखवलं.”

भिंग आमच्या हाती होते आणि तरी आम्ही पाहिले नव्हते. मराठी शाळेतून आलेली किती तरी मुले आजही मुलाखतीच्या दाराशी पहिल्याच वाक्याला निकालात निघतात. त्यांना इंग्रजी अवश्य शिकवावे, उच्चारही सुधारावेत. परंतु ऐकणाऱ्यांनीही एक गोष्ट शिकावयाची आहे : दुसरे वाक्य ऐकेपर्यंत थांबणे.