केडगावचं माहेर

दत्तक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुलगाच येतो. कवळाण्याच्या गोपाळला १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी मांडीवर घेतलं आणि तो सयाजीराव झाला. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर गेला आणि शाहू झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचं मूल पोटाशी धरलं, ते गादीसाठी नव्हे, करुणेपोटी. पण तोही मुलगाच. गादी चालावी, वतन राहावं, पितरांना पिंड मिळावा यासाठी दत्तकविधान होतं, त्यात मुलीला जागा नव्हती. मुलगी दत्तक घेण्याची चाल होती ती नायकिणींच्या घरी, आणि ती घेण्यामागचा हेतू उघड होता. मुंबई हायकोर्टानं १८८० मध्ये ते दत्तक मानायला नकार दिला, ते बरंच झालं.

मग दुष्काळात आईबाप गेलेली सात-आठ वर्षांची पोर कोणाची? तिला कायद्यानं घेणारं कोणी नव्हतं आणि कायद्याबाहेर घेणारे पुष्कळ होते. दुष्काळी भागात मुली हेरत फिरणारे दलाल पंडिता रमाबाईंनी स्वतः पाहिले होते आणि त्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे.

माझी पणजी अशीच एक पोर होती. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून ती केडगावला रमाबाईंकडे आली. त्या दुष्काळाला गुजराती लोक अजून छप्पनियो म्हणतात. गावाचं नाव तिला सांगता यायचं नाही. घरामागे मोठी चिंच होती आणि बापाकडे एक पांढरा बैल होता, एवढंच ती सांगायची. बाकी तिचं सगळं आयुष्य, नातीगोती, देव, स्वयंपाक, हातातलं काम, केडगावात सुरू झालं.

पंडिता रमाबाईंवर मराठीत उदंड लिहिलं गेलं आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी केलेला गौरव, १८८३ मध्ये इंग्लंडात घेतलेला बाप्तिस्मा, ‘केसरी’शी झालेला वाद, हे सगळं वाचकाला ठाऊक असतं. त्या लिखाणात केडगाव शेवटच्या प्रकरणात येतं, ते अनाथाश्रम म्हणून नाहीतर धर्मांतराचं ठाणं म्हणून. मला हे दोन्ही शब्द अपुरे वाटतात. केडगाव हे एक घर होतं. फार मोठं, गर्दीचं, शिस्तीचं आणि कधी कधी कडक. पण तिथल्या मुलींनी एकमेकींशी जी नाती जोडली ती रक्ताच्या नात्यांसारखी तीन-चार पिढ्या टिकली. हा इतिहास सांगितला जात नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

रमाबाई दुष्काळाकडे का धावल्या, याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या पोरवयातच आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेतल्या दुष्काळानं त्यांना, आई लक्ष्मीबाईंना आणि थोरल्या बहिणीला गिळलं. आई गेली तेव्हा तिरडीला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भावाचा, चौथा रमाबाईंचा. स्मशान लांब होतं आणि रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि त्या चालत राहिल्या. माझ्या पणजीच्या वयाच्या सगळ्या मुलींना ही हकिगत तोंडपाठ होती. रमाबाईंच्या पदव्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण ‘हिनंही आई अशी पोचवली’ हे त्यांना समजत होतं, कारण त्यांच्यातल्या कित्येकींच्या आईला तेवढंही नशिबात आलं नव्हतं.

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढे ते पुण्याला आलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायला बंदी आली. सदनाला उत्पन्न असावं म्हणून पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं होतं. आपल्या मुलींसाठी सरकारशी भांडायला ही बाई कचरत नव्हती. मग १९०० मध्ये गुजरातेतल्या मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार, हा आकडा वाचून पुढे जाणं सोपं आहे. स्वयंपाकघरातून त्याकडे बघा. माणशी दोन वेळच्या मिळून चार भाकरी धरल्या तरी दिवसाला आठ हजार भाकरी होतात. तेवढं पीठ जात्यावर दळायचं, तेवढं पाणी विहिरीतून ओढायचं आणि तेही दुष्काळाच्या वर्षी. विहिरी तिथेच खणल्या, धान्याची कोठारं बांधली. जेवण शाकाहारी होतं. रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावरही मांसाहार कधी केला नाही, पांढरं सुती लुगडं सोडलं नाही. त्यामुळे माझ्या पणजीच्या हातचं जेवण कोणत्याही देशस्थ घरातलं वाटावं असं असायचं, आणि नाताळला तिच्याकडे करंज्या आणि शेव असायची.

आलेल्या पोरींची अवस्था पणजी फारशी बोलायची नाही, पण एक गोष्ट तिनं माझ्या आजीला आणि आजीनं मला सांगितली. उपाशी पोराला एकदम पोटभर वाढायचं नसतं. वाढलं तर ते मरतं. म्हणून आधी पेज, तीही थोडी, पुन्हा दोन तासांनी थोडी. पोरी रडायच्या, हिसकावून घ्यायच्या, भाकरीचा तुकडा परकरात लपवून ठेवायच्या. आठवडे गेले तरी लपवायच्या. त्यांचे केस काढावे लागले, खरुज धुवावी लागली, आणि हे सगळं कोणी केलं? त्यांच्या आधी आलेल्या मुलींनी. केडगावचं घर उभं राहण्याची खरी युक्ती ही होती, असं माझं मत आहे. थोरल्या मुलीकडे धाकट्या सोपवलेल्या असायच्या. शारदा सदनातल्या ब्राह्मण विधवा मध्य प्रांतातल्या पोरींच्या उवा काढत होत्या, आणि तीन वर्षांनी त्याच मध्य प्रांतातल्या पोरी गुजरातेतून आलेल्यांना पेज भरवत होत्या. ज्या समाजात विहिरीचं पाणीसुद्धा जातीप्रमाणे वाटलं जायचं, त्या समाजात हे १८९७ मध्ये पुण्यापासून रेल्वेनं दोन-तीन तासांच्या अंतरावर घडलं. सुधारकांच्या परिषदांमधल्या ठरावांपेक्षा मला ही पेज मोठी वाटते.

दिवस घंटेवर चालायचा. उठण्याची, प्रार्थनेची, शाळेची, कामाची, जेवणाची घंटा वेगवेगळी. काम प्रत्येकीला होतं. हातमाग, तेलाचा घाणा, गोठा, मळा, शिवणकाम, धोबीकाम, आणि छापखाना. माझी पणजी मागावर होती. म्हातारपणी ती कुठल्याही कापडाचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची आणि सांगायची की इथे धागा तुटला होता, इथे गाठ मारली आहे. आपण भिंग घेऊन बघितलं तर गाठ असायची. दुकानदार तिला बिचकून असायचे.

छापखान्याबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी स्वतः केलं. शेतात राबणाऱ्या, नुकत्याच अक्षर शिकलेल्या बाईला समजेल असं मराठी त्यांना हवं होतं. त्या ग्रंथाचे खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या तिथल्याच मुली. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यांना भाकरी लपवावी लागत होती, त्या शिशाची उलटी अक्षरं झरझर वाचत होत्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या कंपोझिटर बायकांना एक स्वतंत्र प्रकरण मिळायला हवं.

आता श्रद्धेचं. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं आधी ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावात असा आडपडदा नव्हता. ते उघडपणे ख्रिस्ती घर होतं. मी चौथ्या पिढीची ख्रिस्ती, मला माझी श्रद्धा प्रिय आहे, तरीही हा प्रश्न मी टाळणार नाही: उपाशी पोरीला जो भाकरी देतो त्याच्या देवाला नाही म्हणण्याची मोकळीक तिला कितपत असते? फार थोडी. टीका करणाऱ्यांचं हे म्हणणं मला मान्य आहे. पण त्याच टीकाकारांच्या घरात, ज्या घरांचा देव शाबूत होता त्या घरात, ती पोर राहायला येऊ शकत होती का? तेही झालं नसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि पणजीच्या बाबतीत मी दोन्ही धरून जगते.

तिची श्रद्धा मात्र उसनी नव्हती. जून १९०५ मध्ये केडगावात मोठं आध्यात्मिक जागरण झालं. त्या वर्षी मुलींचे प्रार्थनेचे गट पडले, रोज शेकडो जणी जमू लागल्या आणि सगळ्या एकाच वेळी, आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी त्या आवाजाविषयी थक्क होऊन लिहिलं आहे. पणजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तिच्या सांगण्यात चमत्कार नसायचे. ती म्हणायची, “त्या दिवशी मी पहिल्यांदा आईसाठी रडले. तोवर रडायला वेळच कुठे होता!” मला वाटतं, दोन हजार पोरींचा पाच-दहा वर्षं अडवून ठेवलेला शोक केडगावच्या चर्चमध्ये मोकळा झाला, आणि तो मोकळा करायला त्यांच्याकडे प्रार्थनेची भाषा होती. ईश्वराची करणी म्हणा, मनाचा धर्म म्हणा. माझ्या लेखी त्यात भांडण नाही.

या एवढ्या लेकींमध्ये रमाबाईंच्या पोटची एकच, मनोरमा. १८८१ चा तिचा जन्म, वर्षभरात वडील बिपिनबिहारी गेले, लहानपणीच इंग्लंड-अमेरिकेची शाळा. शिकून ती केडगावला परतली आणि आईच्या हाताखाली राबू लागली. अंध मुलींना ब्रेल तिनं शिकवली. आईची वाटणी दोन हजारांमध्ये झालेली आणि त्याबद्दल तिची कधी तक्रार ऐकू आली नाही, असं जुनी माणसं कौतुकानं सांगायची. मला त्या कौतुकात थोडं दुःखही दिसतं. अशा घरात पोटच्या मुलाला सगळ्यात जास्त सोडावं लागतं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. पणजी तेव्हा लग्न होऊन नगर जिल्ह्यात नांदत होती. ती तान्हं मूल घेऊन बैलगाडीनं आणि मग आगगाडीनं आली आणि तेरा दिवस राहिली. ख्रिस्ती लोक तेरावं करत नाहीत. पण माहेरचं माणूस गेलं की लेक तेरा दिवस राहते, एवढं तिला ठाऊक होतं.

कारण केडगाव हे तिचं माहेर होतं, अगदी शब्दशः. पहिल्या बाळंतपणाला ती तिथे गेली. लग्नात तिची पाठवणी तिच्या थोरलीनं केली, ती मूळची जबलपूरकडची. आमच्या घरात मावश्यांची रांग होती: जबलपूरची मावशी, खेड्याची मावशी, मागावरची मावशी, आणि एक आंधळी मावशी, जी वेताच्या टोपल्या विणायची. त्यांच्यात कोणाचाही कोणाशी रक्ताचा संबंध नव्हता. माझ्या आजीच्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिलेला माणूस हा आंधळ्या मावशीच्या धाकटीचा नवरा होता. आमच्यात मावसभावंडांची लग्नं जमवताना अडचण यायची. पुस्तकाप्रमाणे काही आड येत नव्हतं, पण पणजी ठाम होती: “एका ताटात जेवलेल्या बहिणींची लेकरं ती. नाही म्हणजे नाही.”

कायद्याला हे नातं समजायला फार उशीर लागला. हिंदूंना मुलगी दत्तक घेता आली ती १९५६ च्या कायद्यानं. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांच्यासाठी १८९० चा पालकत्वाचा कायदाच होता, त्यात मूल सज्ञान झालं की नातं संपायचं. बाल न्याय कायद्यानं २००० नंतर धर्म न पाहता पुरतं दत्तक घेण्याची वाट उघडली. केडगावात आजही मुली लहान लहान कुटुंबांत राहतात, प्रत्येक कुटुंबाला फुलाचं नाव आहे आणि सांभाळायला एक आई.

मी सध्या आमच्या मावश्यांची यादी करते आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठून आली, कोणत्या कामावर होती, कोणाची थोरली, कोणाची धाकटी, कुठल्या गावी दिली. केडगावच्या लेकींची नातवंडं-पतवंडं नगर, सोलापूर, जालना, पुणे, मुंबईत पसरली आहेत. त्यांच्या कपाटांत बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नपत्रिका, छापखान्यातली जुनी बायबलं असणार, आणि बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्याकडे आहेत तशा जन्ममृत्यूच्या नोंदीही. सरकारी दुष्काळ अहवालात या मुली आकड्यांमध्ये आहेत. नावांनी त्या फक्त या पानांवर सापडतील. ज्यांच्याकडे अशी पानं आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. झाडून, पुसून, तारखा वाचून उतरवून घ्याव्यात, आणि घरात जे म्हातारं माणूस उरलं असेल त्याला विचारावं की ही मावशी आपली नक्की कोण.