दप्तर, रुमाल आणि स्कॅनर

दप्तर, रुमाल, सनद, जमाबंदी, तहसील हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवत, तो रुमाल. राज्यभरच्या कचेऱ्यांतले असे रुमाल आता सुटले आहेत आणि त्यातले कागद स्कॅनरखाली गेले आहेत. कागद वाचला, हे चांगलेच झाले. पण तो आपल्याला सापडेल का, हा प्रश्न वेगळा आहे.

कर्जत-खालापूरचेच पाहा. 1882 च्या गॅझेटिअरात कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात आहे आणि खालापूर हा त्याचा पेटा आहे. 1891 साली कर्जत कुलाबा जिल्ह्यात गेले. 1981 साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणजे घर हलले नाही, शेत हलले नाही, तरी पणजोबांचा कागद ठाण्याच्या नावाने, आजोबांचा कुलाब्याच्या नावाने आणि आपला रायगडच्या नावाने.

स्कॅनिंगचे काम दिसते तितके सोपे नाही. आधी कागद निवडायचे, टाचण्या काढायच्या, घड्या उलगडायच्या, फाटलेले जोडायचे, पानांना क्रमांक द्यायचे. मग चित्र घ्यायचे, ते मूळ पानाशी ताडून पाहायचे आणि कागद पुन्हा होता तसा बांधून ठेवायचा. शेवटी सूची करायची: गाव, वर्ष, नोंदीचा प्रकार, नाव. आमच्या मते सगळे इथेच अडते. यंत्र पानाचे चित्र घेते, पान वाचत नाही. सूचीत जे चुकले, ते संगणकात असूनही हरवलेच.

जुनी नोंद बहुधा मोडीत असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. त्यात आपली नावे! एकच माणूस कुठे महमद, कुठे महंमद, तर कुठे मोहम्मद. शोधणारा एक नाव टाकतो आणि 'नोंद नाही' असे उत्तर घेऊन घरी येतो.

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडीबरोबर निजामकाळातले उर्दू कागदही वाचावे लागले. उर्दू शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना यातून एक गोष्ट उमगली. लिपी जाणणारा माणूस नसेल तर नुसते यंत्र मुके असते.

कागदाची किंमत संकटात कळते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. जिथे घरेच गाडली गेली, तिथे पेटीतले कागद कुठून उरणार? अशा वेळी कचेरीतली नोंद हाच आधार. 6 जून 2025 रोजी वक्फ मिळकतींसाठी 'उम्मीद' पोर्टल सुरू झाले, तेव्हाही मशिदी-कब्रस्तानांच्या विश्वस्तांपुढे पहिला प्रश्न जुन्या कागदांचाच होता.

म्हणून काही कामे आपणच करायला हवीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पूर्वजांच्या नावांची सगळी रूपे, जुना सर्व्हे नंबर, त्या काळचा तालुका आणि जिल्हा एका वहीत लिहून ठेवावा. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नये. आणि घरातल्या एका तरी मुलाने मोडी शिकावी. आपले पूर्वज या मातीत होते, हे त्या रुमालांत लिहिलेले आहे. ते वाचणारे मात्र आपल्यातूनच तयार व्हायला हवेत.