बोरमाळ ते ठेवपावती

बीड जिल्ह्यातल्या माणसाने पैसा कुठे ठेवायचा हे व्याजाच्या हिशेबावर फारसे ठरवले नाही. ठरवले ते भीतीने आणि ओळखीने. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथे हाली सिक्का चाले, सात हाली म्हणजे भारतीय सहा रुपये. राज्य गेले, मागोमाग तो सिक्काही गेला. 1972च्या दुष्काळात चाऱ्यावाचून गोठे रिकामे झाले. सुगीनंतर केलेली सोन्याची बोरमाळ मात्र सराफाकडे गहाण टाकून पेरणीचे बियाणे आणता येई. त्यामुळे सोने ही नुसती हौस नव्हती, तो घरातला विमा होता.

पुढे सोन्यावरचा हाच विश्वास ओळखीच्या माणसांमार्फत पतसंस्थांकडे वळला. 2023मध्ये बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट ही पतसंस्था अडचणीत आली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. ‘जादा व्याजाच्या लोभाने बुडाले’ असे म्हणणे सोपे आहे. व्याजाची ओढ होती, हे नाकारता येत नाही. पण निव्वळ लोभी माणूस लेकीच्या लग्नाचा पैसा मुदत ठेवीत ठेवत नाही. तिथे तो सुरक्षितता शोधत असतो, आणि शेजाऱ्याची पावती पाहून त्याला ती सापडल्यासारखी वाटते. चूक विश्वास ठेवण्यात नव्हती, विश्वासालाच तारण मानण्यात होती. बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पैसे भरण्याआधी एवढे तरी विचाराच.