कोणता रुपया, बाई?

गटाच्या वहीत आपण रुपयाला रुपया मांडतो. आपल्या पणजीच्या काळी मुखेडच्या मुलखात हे जमलं नसतं. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, असे रुपयेच दोन होते. ‘हाली’ म्हणजे चालू; आपल्या ‘हल्ली’चाच भाऊ. कल म्हणजे यंत्र, त्यावर पाडलेला तो कलदार.

सात हाली दिले की सहा कलदार मिळत. हा भाव चांदीतूनच आला होता. कलदारात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, जुन्या चारमिनार हालीत ९.१. म्हणजे ७० हाली घेऊन सोलापूरला, इंग्रजी मुलखात, गेलं की हाती ६० कलदार. वर सराफाचा बट्टा वेगळा. शंभर कलदार येणं असताना कुणी शंभर हाली टेकवले, तर चौदा रुपये बुडालेच! म्हणून बोली करतानाच रुपया कोणता ते ठरवावं लागे.

१९४८ ला निजामी गेली, हाली मात्र पुढं काही वर्षं भारतीय रुपयासोबत चालला, त्याच सातास सहाच्या भावानं.

कुणाच्या हारात चारमिनारचा रुपया असेल, तर मोडीत घालण्याआधी जुन्या नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. वजन आपल्यासमोर करून घ्या.